मागचा बाक

मिस्त्रीने माझ्या जीपचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकअप काढले आणि एकेकाचा दांडा हाताने आत दाबला. दांडा आत गेला तो तिथेच राहिला.

"गॅसचा शॉकअप आहे, चांगला असता तर दांडा आपोआप वर आला असता," तो म्हणाला. "दोन्ही कधीच मेलेत. मागे बसणारं कुणी बोललं नाही?"

पुढे स्टिअरिंग धरणाऱ्याला खड्डा संपला की संपला. मागे मात्र तो पुढच्या खड्ड्यापर्यंत चालूच असतो.

गेल्या महिन्यात वहिनीला दवाखान्यात नेलं, तिला सातवा महिना होता. पोट धरून ती म्हणाली होती, "भाऊजी, गाडी फार उसळतेय." मी वळूनही पाहिलं नाही. "रस्ताच तसा आहे, वहिनी."

मूल वाचलं नाही.

नवे शॉकअप बसवून मिस्त्रीने ट्रायलला गाडी त्याच रस्त्याला घातली. मी पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसलो.

रस्ता तसा नव्हता.