झिरकॉन आणि जरकन

टेस्टर वाजला नाही. मी त्याचं टोक पुसून खड्यावर परत टेकवलं. तरी नाही.

काउंटरपलीकडे माधवराव उभे होते. सेनगावकडचे मोठे शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेले. "बघा," ते म्हणाले, "नांदेडच्या दुकानात बी हेच झालं. हिरा असता तर वाजलं असतं म्हने. जरकन हाय म्हनले."

दाराजवळच्या स्टुलावर दिगंबरकाका बसले होते. कळमनुरीचे जुने सोनार, साठीच्या पुढचे. त्यांनी मान वर केली नाही.

अंगठी माधवरावांच्या आजोबांची. त्यांनी ती हिऱ्याची म्हणून हैदराबादेहून आणली होती. आता मुलीच्या लग्नात जावयाच्या बोटात घालायची होती, पण सैल होत होती. म्हणून साइज कमी करायला ती दिगंबरकाकांकडे दिली. परत आल्यावर माधवराव त्या अंगठीच्या जोडीचे मुलीसाठी कानातले बघायला नांदेडला गेले आणि तिथे हे कळलं. तिथून ते थेट कळमनुरीला गेले, काकांना जीपमध्ये बसवलं आणि हिंगोलीला माझ्यासमोर आणलं.

"खडा म्या काढलाच न्हाई, माधवराव," काका म्हणाले. "बुडाकडची पट्टी कापली, जोड दिला. जाळ लागू नये म्हनून खड्याला ओला कापूस लावला व्हता."

"मग हिऱ्याचं जरकन आपोआप झालं व्हय? कापसानं?"



मी हिंगोलीत एका सराफाकडे खडे तपासायचं काम करते. आमच्या तांड्यावरून कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. नांदेडला जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, मग जयपूरला रत्नपरीक्षणाचा डिप्लोमा. तिथल्या लॅबमध्ये काही वर्षं नोकरी केली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. इथे सांगते अशासाठी की पुढे जे झालं त्यात या अभिमानाचाही हात आहे.

आधी टेस्टरचं सांगते. हिऱ्यातून उष्णता फार झपाट्याने निघून जाते. टेस्टरचं टोक गरम असतं. ते हिऱ्याला टेकवलं की लगेच थंड होतं आणि यंत्र वाजतं. नाही वाजलं तर एवढंच कळतं की हा हिरा नाही. मग काय आहे, ते यंत्र सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं.

मी लूप काढली. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असतं ते. खडा तिरका धरून वरच्या सपाट पैलूतून आत पाहिलं. मागच्या पैलूंच्या कडा दोन दोन दिसत होत्या. एका रेषेशेजारी तशीच दुसरी रेषा.

मला आतून बरं वाटलं. हे रोज दिसत नाही.

बाजारात ज्याला जरकन म्हणतात, म्हणजे एडी, अमेरिकन डायमंड, त्याचं खरं नाव क्युबिक झिरकोनिया. ते कारखान्यात बनतं. त्याच्यात कडा एकेरीच दिसतात. हिऱ्यातही एकेरीच. दुहेरी कडा दाखवणारा, असा झगझगणारा, बिनरंगी जुना खडा म्हणजे झिरकॉन. जमिनीतून निघालेला, अस्सल. पृथ्वीवरच घडलेला, आजवर सापडलेला सगळ्यात जुना कण झिरकॉनचाच आहे, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. हिऱ्याची चलती फार नव्हती तेव्हा लोक हिऱ्याच्या जागी हौसेने हाच वापरायचे. काही विकणारे हिरा म्हणून विकायचेही.

अडचण नावाची आहे. झिरकॉन आणि झिरकोनिया यांच्यात धातू एकच, म्हणून नावं सारखी. बाजाराने दोन्हीचं मिळून जरकन करून टाकलं. आता जरकन म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच अर्थ कळतो. नकली.

लूपखाली आणखी दोन गोष्टी दिसल्या. खड्याच्या वरच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या, जागोजागी बारीक टवके होते. झिरकॉन ठिसूळ असतो, वर्षानुवर्षं वापरला की त्याच्या कडा अशा होतात. आणि अंगठीचं कोंदण मागून बंद होतं. कोंदण म्हणजे खडा बसवायचं सोन्याचं घर. त्याच्या कडेला जुना मळ धरून काळा झाला होता. कुठे ओरखडा नाही, नवीन चकाकी नाही. हे घर कोणी उघडलेलंच नव्हतं. खडा आजोबांच्या काळापासून तिथेच होता.

म्हणजे दिगंबरकाकांनी काही बदललं नव्हतं. उलट त्यांच्या ओल्या कापसानेच खडा वाचला होता. झिरकॉनला सरळ जाळ लागला तर तो तडकतो, नाहीतर रंग बदलतो.

हे सगळं मी माझ्या वहीत लिहून घेतलं. 'कडा झिजलेल्या. कोंदण जुने, उघडलेले नाही.' तोंडाने मात्र काही बोलले नाही. जयपूरला मला तसंच शिकवलं होतं. काउंटरवर मत द्यायचं नाही, रिपोर्ट द्यायचा. तोंडी सांगतो तो दुकानदार, लिहून देतो तो तज्ज्ञ. मी तज्ज्ञ होते.

"काय निघालं?" माधवरावांनी विचारलं.

"अंगठी ठेवून जा, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. त्यात सगळं असतं."

निघताना दिगंबरकाका काउंटरशी थांबले. "ताई, माझ्यावर काही येनार न्हाई ना?"

"खरं असेल तेच येईल, काका. काळजी करू नका."

त्यांना हे पुरेसं वाटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि ते माधवरावांच्या मागे जीपकडे गेले.

रिपोर्टचा फॉर्म इंग्रजीत छापलेला असतो. वजन, रंग, आकार, खड्याचं नाव. खड्याच्या नावापुढे मी 'नॅचरल झिरकॉन' टाइप केलं. शेवटी रिमार्क्सचा रकाना असतो. तिथे मी कोंदणाचं लिहायला घेतलं होतं. दुकानाचे मालक, आमचे शेठ, मागे उभे राहून वाचत होते.

"मॅडम, हे काहून लिहून राहिल्या?"

"खडा बदललेला नाही, शेठ. सोनाराची चूक नाही."

"आपल्याला खडा काय हाय ते विचारलं. सोनार कसा हाय ते न्हाई विचारलं. उद्या हे पोलिसात गेलं तर साक्षीला तुमी जानार का मी?"

नियम म्हणून शेठचं बरोबर होतं. रिपोर्ट खड्याचा असतो, माणसाचा नसतो. आणि मला वाटलं, नॅचरल हा शब्द आहेच की. वाचणाऱ्याला कळेल. मी ती ओळ खोडली, सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी माधवरावांचा माणूस येऊन अंगठी आणि रिपोर्ट घेऊन गेला. दुसरा दिवस सुट्टीचा होता, म्हणून मी रात्रीच तांड्यावर घरी गेले.

सकाळी भाऊ फोन हातात घेऊन अंगणात आला. "ताई, ही तुझीच सही हाय ना?"

माझ्याच रिपोर्टचा फोटो होता. झिरकॉन या शब्दाला लाल गोल केलेला. नॅचरल गोलाच्या बाहेर राहिलं होतं. खाली मराठीत लिहिलं होतं, 'दिगंबर सोनाराचं पितळ उघडं. हिरा काढून जरकन बसवलं. हिंगोलीच्या मॅडमचा रिपोर्ट.'

"तीन ग्रुपवर आलंय," भाऊ म्हणाला. "कळमनुरीच्या मार्केटच्या ग्रुपवर बी. तू चोर धरला म्हनून राहिले लोक."

माझी आई, आम्ही याडी म्हणतो तिला, चुलीपासून उठून आली. तिला वाचता येत नाही, पण माझी सही ओळखते. तिने पदराने फोनची काच पुसली आणि सहीवर बोट ठेवलं. "हे तुझं," ती म्हणाली. शेजारणीला हाक मारून तिलाही दाखवलं. इतक्या वर्षांच्या शिक्षणात तिने माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

मी तिथूनच माधवरावांना फोन लावला. खडा नकली नाही, झिरकॉन आणि जरकन वेगळे, कोंदण कधी उघडलंच नव्हतं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अडाणी माणूस नव्हता तो.

"म्हंजे खडा पयल्यापासून हाच व्हता?"

"हो."

"हिरा कधी नव्हताच?"

"नव्हता."

पलीकडे त्यांनी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मग असं झालं की दिगंबर चोर न्हाई, आमचा आजा फसला. चाळीस वर्सं हिरा म्हनून तो हात पुढं करून बसायचा. आनखी तेच आमी व्याह्याला सांगितलं. आता सांगा ताई, दोन्हीतलं कोनतं लोकायला सांगू? लेकीचं लगीन तोंडावर हाय."

"खरं असेल ते सांगा."

"खरं तुमी काल सांगायचं व्हतं. इथं उभं करून, त्याच्या देखत, माझ्या देखत. मी मानलं असतं. आता गावभर झालं."

"अंगठी परत आणा. मी कोंदणासकट फोटो काढून नवा रिपोर्ट देते."

"आंगठी मोडली. रातच्याला घरात नको म्हनली मंडळी. सकाळीच नेऊन दिली मोडीत."

"आणि खडा?"

"जरकन कोन ठिवतं? तिथंच टाकला."

 सोनं वितळलं होतं, कोंदण वितळलं होतं, कडांचा मळही. पुरावा म्हणून आता फक्त माझ्या वहीतल्या दोन ओळी उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे दुसरा रिपोर्ट मागितला.

"पयला चुकला का?" त्यांनी विचारलं.

"चुकला नाही. अर्धा आहे."

"समोर वस्तू नसताना रिपोर्ट देता येतो का, मॅडम? तुमीच सांगता ना गिऱ्हाइकाला?"

येत नाही. मीच सांगते. मग मी साध्या कागदावर मराठीत लिहिलं. काय पाहिलं, कशावरून, आणि खडा बदललेला नव्हता हे. खाली नाव, बी.एस्सी., डिप्लोमा, सगळं लिहिलं. शिक्का नव्हता.

कळमनुरीला मी बाजाराच्या दिवशी गेले. दिगंबरकाकांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एरवी बाजाराला आलेल्या बाया तिथे पायरीवर बसलेल्या असत, कोणाचं जोडवं, कोणाची डोरल्याची कडी. त्या दिवशी पायरी मोकळी होती. ऐरण आणि फुंकणी कापडाखाली झाकून ठेवली होती.

काकांनी चष्मा लावून कागद वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग परत पहिल्यापासून वाचला.

"लय चांगलं लिव्हलं ताई," ते म्हणाले. "मला तर समजलं बराबर. पन हे कोनाला दाखवू? ज्यानं फोटो पाठवला त्याला दाखवू का? एकाएकाच्या घरी जाऊन वाचून दाखवू?"

"फोटो काढून ग्रुपवर टाका."

"टाकला त्यायनी तवा शिक्का व्हता. ह्याच्यावर शिक्का न्हाई. म्हनतील सोनारानंच लिव्हून घेतलं."

शेठने शिक्का का दिला नाही, हे त्यांना काय सांगणार.

मग त्यांनीच विचारलं, "खडा अस्सल व्हता ना पन?"

"अस्सल होता काका. जमिनीतून निघालेला."

"मला वाटलंच. हिऱ्याचं मला समजत न्हाई, खोटं कशाला बोलू. पन खडा हाताला थंड लागला व्हता. काचेचं बनेल असतं तर तसं लागत न्हाई." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमी त्या दिवशी काळजी करू नका म्हनल्या. म्या मग वाटंनं जीपमधी काही बोललोच न्हाई. म्हनलं, ताई शिकलेल्या हायत, त्या सांगतील."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पोलिसात कोणी गेलं नाही. त्याची गरजच पडली नाही. लोकांनी दुरुस्तीला सोनं देणं थांबवलं, एवढंच झालं. सोनाराच्या हातात माणूस डोळे मिटून दागिना देतो. ते डोळे एकदा उघडले की दुकान संपलं. काही महिन्यांनी दिगंबरकाका वाशीमला लेकीकडे गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात आता साखळ्यांना पॉलिश करतात. मागच्या खोलीत बसतात. गिऱ्हाइकासमोर येत नाहीत.

माधवरावांच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. जावयाला नवी अंगठी केली. खड्याशिवाय.

मी अजून त्याच काउंटरवर आहे. एक गोष्ट बदलली. झिरकॉन आला की रिमार्क्सच्या रकान्यात मी पेनाने मराठीत लिहिते, 'हा नैसर्गिक खडा आहे. बाजारातले जरकन नव्हे.' कोंदण जुनं असेल तर तेही लिहिते. शेठ कुरकुर करतात. पण रिपोर्ट देण्याआधी मी गिऱ्हाइकाला खुर्ची देते, लूप त्याच्या हातात देते, दुहेरी कडा त्याला स्वतःला बघायला लावते. सोबत कोणी सोनार आला असेल तर त्याच्या देखत सगळं तोंडाने सांगते. मत द्यायचं नाही हा नियम मी मोडला आहे. नियमाने माझी सही सुरक्षित राहिली होती, दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात कनेरगाव नाक्याकडच्या एका बाईंचा निळा झिरकॉन आला. मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांनी लूपमधून बघितलं, कडा दोन दोन दिसतात म्हणाल्या, माझी पेनाची ओळ मोठ्याने वाचली. मग रिपोर्ट पर्समध्ये ठेवता ठेवता त्यांनी फोन लावला आणि घरच्यांना सांगितलं, "व्हय, झाली तपासणी. जरकन निघालं."

मी त्यांना परत बसवलं.