भोंग्याचा खांदा

लाकडाच्या वखारीत माझ्या जोडीला जो हमाल होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. उचलायला पक्का, अंग चोरणं नाही. पण तोंड बंद ठेवणं त्याला कधी जमलं नाही. गल्लीतल्या भांडणाची बातमी भांडणाऱ्यांच्या आधी त्याच्याकडे.

एका दुपारी वखारीतली करवतीची मोटार चोरीला गेली. पहारेकऱ्यानं चोर पाठमोरा पाहिला आणि माझं नाव घेतलं. त्या वेळी मी आणि भोंगा मागच्या शेडमध्ये तुळई नेत होतो. बाकीचे जेवायला गेलेले. म्हणजे माझी सुटका एकट्या भोंग्याच्या साक्षीवर.

खटला उभा राहिला तेव्हा माझ्या वकीलबाईंनी त्याला बजावलं, "ऐकीव चालणार नाही. स्वतःला कळलं तेवढंच सांगा."

त्याच्या बायकोनं घरी, जामिनावर असलेल्या माझ्यासमोर, तालीम घेतली. हातात लाटणं.

"हा असलं करणार नाही, सगळे म्हणतात..." भोंगा सुरू झाला.

लाटणं ओट्यावर आपटलं. "सगळ्यांना बोलावलंय का? तुम्हाला बोलावलंय."

मी हसून बेजार.

"भावजी, तुरुंगात तुम्ही जाणार, हे नाही," वहिनी म्हणाल्या. मी हसणं आवरलं.

कोर्टात समोरच्या वकिलांनी त्याला विचारलं, "पुढे तुम्ही, मागे आरोपी. वळून पाहिलंत?"

"तुळई खांद्यावर असताना कोणी वळत नाही."

"मग मागे हाच होता कशावरून?"

 

भोंग्यानं उजव्या खांद्यावर हात ठेवला. "याचा गुडघा अधू आहे. लंगडा पाय पडला की तुळई मला इथं हिसका देते. वर्षानुवर्षं खातोय. त्या दिवशीही शेडपर्यंत खाल्ला."

"हा अंदाज झाला."

"नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "खांद्याला जाणवलं ते सांगताहेत. लिहून घ्या."

आणि पहारेकरी तर आधीच सांगून बसला होता, चोर तरातरा पळाला म्हणून.

मी सुटलो. वहिनींनी मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं. भोंग्याचं तोंड पुन्हा सुटलं. "न्यायाधीशबाई मनात म्हणाल्या असतील..."

"ऐकीव," वहिनी म्हणाल्या.

आता वय झालं, आम्ही दोघंही काम सोडून घरी बसलोय. भोंगा ती गोष्ट अजून सांगतो. त्यात आता चोर दोन झालेत, कोर्टात टाळ्याही पडतात. मी मध्ये बोलत नाही. फक्त तुळईचं वजन वाढवू देत नाही. ते मीही उचललंय.