राखेची पाटी

आमच्या गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. नागपुरातून पाहुणे आले की हौसेने त्यांचे फोटो काढतात. वारा इकडे फिरून राख पडायला लागते, तोवर पाहुणे घरी पोहोचलेले असतात.

या राखेचा आम्ही कधी बाऊ केला नाही. भिवापुरी मिरच्या वाळत घातल्या की वरून जुनी साडी पसरायची. सकाळी गच्ची झाडायची आणि झाडलेली राख डब्यात भरून ठेवायची. भांडी घासायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, कढईत तोंड दिसतं. सासूबाई तेच करायच्या, मीही केलं. फुकटची वस्तू कोण फेकतं?

माझी मुलगी तिसरीत गेली तरी तिला अक्षरं येईनात. आज शिकवलेलं उद्या पुसलेलं. शिकवता शिकवता मी ओरडायची, ती घाबरून हसायची, आणि त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं. शाळेतल्या बाई मात्र भल्या. त्या म्हणाल्या, "ताई, वहीचा नाद सोडा. ताटात रेती घ्या अन् बोटानं गिरवू द्या. काही मुलांना तसं लवकर जमतं."

रेती बोटाला टोचते म्हणून मी राख घेतली. पिठासारखी मऊ, बोट कसं सरसर फिरतं. रोज संध्याकाळी स्टीलच्या ताटात राख पसरून आम्ही दोघी बसायचो. चुकलं की ताट हलवायचं, पाटी कोरी. मधेमधे बोटाला थुंकी लावायची तिची सवय. मी चापट मारायची, ती पुन्हा लावायची. काही महिन्यांनी ती स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला लागली. फक्त ताटात, वहीत नाही. तरी मी साऱ्या गल्लीला सांगून आले.

पुढे वहीत काहीच उतरेना म्हणून तिला शहरात नेलं, तर तिथल्या मुलांच्या एका डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट पाहून त्यांनी विचारलं, "घरी जुन्या बॅटऱ्यांचं, रंगाचं काही काम चालतं का?" आम्ही नाही म्हणालो. मग राहता कुठे, ते विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला.

"ही राखेत खेळते का?"

"खेळत नाही जी," मी म्हणाले. "लिहिते."

रक्तात शिसं जास्त होतं. ते लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते राखेतूनच आलं किंवा अक्षरं त्याच्यामुळेच येत नाहीत, हे छातीठोकपणे सांगता येत नाही, असंही म्हणाले. पण राख बंद करा.

"बंद केल्यावर डोकं सुधरंल ना जी तिचं?"

"आणखी बिघडू नये, एवढंच बघू शकतो. झालेलं भरून निघेल असं मी म्हणणार नाही."

मला त्यांचा संताप आला. थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं!

घरी येऊन मी राखेचा डबा नालीत ओतला, ताट भंगारवाल्याला दिलं आणि भांड्यांसाठी साबण आणला. नवऱ्याला म्हटलं, "आपण इथून जाऊन राहू कुठंतरी."

"जाऊ कुठं वं? माह्यं काम त्याच चिमणीखाली आहे."

"अन् पोरीचं काय मग?"

त्याने उठून घरातल्या साऱ्या खिडक्या लावून घेतल्या, तेही मे महिन्यात. आम्ही उकडत बसलो.

मुलीने मात्र रडून घर डोक्यावर घेतलं. "माही पाटी तू काहून फेकली?" मी नवी पाटी आणली, खडू आणले. तिने हात लावला नाही.

एका सकाळी ती अंगणातून ओरडली, "आई, लवकर ये ना!" मी बाहेर धावले. नवऱ्याच्या मोटरसायकलच्या सीटवर ताजी राख पडली होती आणि तिच्यात बोटाने तिचं नाव लिहिलेलं होतं. पूर्ण नाव, एकही चूक नाही. आयुष्यात पहिल्यांदा. इतका आनंद आणि इतकी धास्ती मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

मी ओलं फडकं आणलं आणि तिच्यादेखत ते नाव पुसून काढलं. मागे वळले तर ती माझ्याकडे बघत उभी होती, आणि ते बोट तिच्या तोंडात होतं.