ओटीवरचा नेचा

आमच्या घरात झाड आलं ते माझ्या लग्नानंतर, आणि ते माझ्या बायकोनं आणलं. तोवर झाडं पुष्कळ होती, पण सगळी उंबऱ्याबाहेर. वडील केळशीच्या नारळी-पोफळीत वाढलेले. झाड जिथे असेल तिथे आपण जायचं, त्यानं आपल्याकडे यायचं नाही, असं त्यांचं साधं मत होतं.

ही ऐंशीनंतरची पहिली वर्षं. रत्नागिरीतलं आमचं चिऱ्याचं कौलारू घर आणि त्यात माणसं तीन: वडील, ती आणि शाळेत शिकवणारा मी. तिनं माहेरी, मंडणगडला, एका मासिकात मुंबईतल्या दिवाणखान्याचं चित्र पाहिलं होतं. रेडिओ, शेजारी स्टूल, स्टुलावर कुंडी. ते पान फाडून तिनं ट्रंकेतून सासरी आणलं होतं. आमच्याकडे प्रत्येक डबा आणि प्रत्येक खुंटी आईनं ठरवलेली. आई जाऊन काही वर्षं झाली होती, तरी वस्तू तिच्याच हुकमात होत्या. एवढ्या घरात एक कोपरा आपण मांडलेला असावा, इतकंच नव्या सुनेला हवं होतं. तसं तिनं मला सांगितलं आणि मी, माझ्या सवयीप्रमाणे, बघू म्हणालो.

ती बघत बसली नाही. विहिरीच्या कठड्याच्या फटीतून तिनं एक नेचा मुळांसकट सोडवला. तुपाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडली, बाहेरून गेरू लावला, खाली टवके उडालेली थाळी ठेवली आणि ओटीवर, खिडकीजवळच्या स्टुलावर, नेचा विराजमान झाला.

वडील बाजारातून आले. पिशवी हातातच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"घरात झाड उगवतं ते बंद घरात," ते म्हणाले.

यात त्यांची चूक नव्हती. गावी आमच्या शेजारची माणसं कुलूप लावून मुंबईला गेली, पुढे गणपतीलाही येईनाशी झाली, आणि एका वर्षी त्यांच्या माजघराच्या खिडकीतून पिंपळाची फांदी बाहेर आली. वडिलांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या लेखी घरातलं झाड ही शोभा नव्हती, माणसं गेल्याची खूण होती.

तिनं पदर सारखा केला आणि गरीब चेहऱ्यानं म्हणाली, "मामंजी, ते राहायला आलेलं नाही. पाहुणं आहे."

मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. पाहुणा म्हटलं की वडिलांचे हात बांधले जात. मासेवाली दारात आली तरी तिला चहा दिल्याशिवाय ते सोडत नसत. त्यांनी सुपारी कातरली, पान जुळवलं आणि निकाल दिला. पाहुणा तीन दिवस. चौथ्या दिवशी बाहेर, अंगणातल्या खळ्यात.

तिनं मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन डबे भरले. एकात क्रोटन, दुसऱ्यात रंगीत पानांचं शोभेचं अळू. एक पाहुणा आत, दोघं खळ्यात आंब्याच्या सावलीत, दर चौथ्या दिवशी बदली. झाडांना हा नियम फार मानवला. कोंदट ओटीवर कुणी सुकण्याइतकं राहतच नव्हतं. शेजारणी येऊन विचारत, तुमचा क्रोटन असा लालबुंद कसा, आमचा तर घरात ठेवला की पानं टाकतो. ती म्हणे, मामंजींचा हात लागतो ना. वडील आतून खाकरत.

पण तिचा जीव नेच्यावर होता. लवकरच तिनं अगदी तसाच दुसरा नेचा, तसाच गेरू लावलेल्या डब्यात, खळ्यात आणून ठेवला. मग चौथ्या दिवशी बदली झाली म्हणून सांगायचं आणि पहिल्यालाच ठेवून घ्यायचं. वडिलांना संशय आला. त्यांनी आतल्या डब्याला सुंभाची गाठ मारली. चौथ्या दिवशी गाठीचा डबा खळ्यात दिसला. वडील वाकले, गाठीवरून बोट फिरवलं आणि मला हाक मारली.

"ही गाठ माझी नव्हे. इतकी ढिली गाठ या घरात एकच माणूस मारतो."

गाठ सोडवून दुसऱ्या डब्याला बांधण्याचं काम तिनं माझ्यावर सोपवलेलं होतं. आत स्वयंपाकघरात तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते ओटीपर्यंत ऐकू येत होतं.

मग तिच्या आईचा पाय मोडला आणि ती मंडणगडला गेली. जाताना मला बजावून गेली: बदली चुकवू नका, नाहीतर मामंजी म्हणतील, बघ, झाड घरात टिकत नाही, आणि माझा कोपरा गेला. मी पेपर तपासण्यात बुडालो. बदली विसरलो आणि भरपाई म्हणून ओटीवरच्या क्रोटनला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो. आठवड्याभरानं खाली पानांचा सडा पडला आणि थाळीतल्या पाण्याला वास येऊ लागला.

आता डबा कुंपणाच्या गडग्यापलीकडे जाणार, असं मी धरून चाललो. वडिलांनी मातीत बोट घातलं.

"मेल्या, पाहुण्याला जेवू घालायचं असतं. बुडवायचं नसतं."

त्यांनी क्रोटन उचलून स्वतः खळ्यात नेला, पाणी निथळू दिलं, अर्धी माती बदलली. मग हात धुऊन आले आणि स्टूल रिकामं दिसलं तसे नेच्याला आत घेऊन आले. त्या दिवसापासून बदली त्यांनीच सांभाळली. तिला पोस्टकार्ड टाकलं. आईच्या पायाची चौकशी, आणि शेवटी एक ओळ: पाहुण्यांची काळजी नसावी, तुझा कोपरा जागेवर आहे.

ती परतली तेव्हा स्टुलाच्या वर भिंतीला एक फळी ठोकलेली होती, आणि फळीवर दुसरा नेचा. एकटा पाहुणा कंटाळतो, असं वडील सुपारीकडे बघत म्हणाले.

वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती या पावसाळ्याच्या आधी गेली. भेटायला येणारी माणसं ओटीवर बसतात, नेच्याकडे बघतात आणि काय बोलावं ते न सुचून, छान वाढलाय म्हणतात. खरंच छान वाढला आहे. बदली मी चुकवत नाही, पाणी मातीत बोट घालूनच घालतो.

फक्त आज त्याचा ओटीवरचा पाचवा दिवस आहे. डब्याला सुंभाची गाठ आहे, माझीच, ढिली. ती मी भिंतीकडे वळवून ठेवली आहे.