दिया, लिया

फाळणीनंतर कराचीहून आलेल्या एका शेअर दलालाला वडिलांनी आमच्या मुलुंडच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या. आई त्यांना भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. ते दिवसभर फोर्टात, शेअर बाजारात असत. खोलीतला त्यांचा फोन मात्र सारखा वाजायचा. मॅट्रिक झाल्यावर तो मी घेऊ लागले. कोणाला काय विकायचंय, कोणाला घ्यायचंय, निरोप कोणाचा, सगळं वेगवेगळं लिहून संध्याकाळी त्यांच्या चहाशेजारी ठेवायचं. आधी तातडीचं, मग बाकीचं. "माझ्या कारकुनांना भारी आहेस तू," ते म्हणायचे.

बाजार कसा चालतो हे त्यांनीच मला सांगितलं. भर गर्दीत एक ओरडतो "दिया", दुसरा ओरडतो "लिया", की सौदा पक्का. कागद नंतर. "घर विकायची वेळ आली तरी माणूस फिरत नाही. फिरला तर उद्या त्याच्याशी कोण बोलणार?" कराचीत सगळं सोडलं, जबान तेवढी बरोबर आणली, असं ते म्हणत. मला ते फार आवडायचं.

पुढे त्यांनी फोर्टात स्वतःची पेढी काढायचं ठरवलं. त्याच सुमारास मला घाटकोपरच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा चालून आली. विचारायला वर गेले तर ते दाढी करत होते. साबण लावलेल्या तोंडानेच म्हणाले, "शाळा कशाला? पेढीत फोनजवळची खुर्ची तुला. दिया!"

"लिया!" मी म्हटलं. दोघंही हसलो. मी शाळेला नकार कळवला.

पेढीच्या पूजेला आम्ही सगळे गेलो. त्या खुर्चीत त्यांचे जावई बसले होते. पाहुणे आहेत, पूजेपुरते बसले असतील, असं समजून मी प्रसादाच्या पुड्या बांधत राहिले. सोमवारी डबा घेऊन निघाले, तेव्हा मामांनी जिन्यातच अडवलं.

"अगं, तिथे आता जावई बसणार. तू इथला फोन सांभाळ ना, पहिल्यासारखा."

"मामा, तुम्ही 'दिया' म्हणाला होतात."

त्यांना खरंच हसू आलं. "वेडी! ते बाजारात. तू तर घरातली."

परक्याला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि घरातल्याला दिलेला शब्द म्हणजे गंमत, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

तेवढ्यात वर फोन वाजू लागला. सवयीने माझा पाय वरच्या पायरीवर पडला. मी तो मागे घेतला.

"शेठ, तुमचा फोन वाजतोय," मी म्हटलं.

शाळेतली जागा तोवर भरली होती. त्या भाऊबीजेला आईने त्यांना नेहमीसारखंच ओवाळलं. ताटात ओवाळणी घालताना त्यांनी विचारलं, "भाची दिसत नाही?"

"तिला काम आहे," आई म्हणाली.

मी आत नुसती बसून होते. काम नव्हतंच.