लेंडीतलं बी

खंगारजी वनरक्षकाच्या रोपवाटिकेत दोन वर्षं बाभूळ उगवेना. पिशव्या नव्या, माती चाळलेली, पाणी वेळेवर, आणि उगवलं काय, तर कपाळ! मारवाडच्या त्या गावात तो एकटाच. बकऱ्या पाळणाऱ्या रायका जमातीच्या हंजाबाईने त्याला राखी बांधून भाऊ केलं होतं, ती त्याला बीरा म्हणायची. तोंड पाडून आला की ती त्याला ताकात शिजवलेली बाजरीची राबडी वाढायची. एकदा मात्र तिला हसू आवरेना.

"अरे बीरा, बी झाडावर पिकतं, पण तयार होतं बकरीच्या पोटात."

शेंगा खाल्लेल्या बकरीच्या लेंडीतलं बी चटकन कोंब काढतं, हे तिच्या आजेसासूलाही ठाऊक होतं. परक्याला सांगायचं नाही, एवढीच रीत. पण भाऊ परका कसा? तिने वाडा झाडून टोपलीभर लेंड्या दिल्या. त्या साली रोपं अशी तरारली, की खंगारजीची वाहवा झाली. रोपं गावच्या देवराईत लागली.

आणि पुढच्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, देवराईला तारेचं कुंपण पडलं. बकऱ्यांना बंदी! जेठात रानात काडी नसते. देवराईतल्या जुन्या बाभळींच्या शेंगांवरच हंजाबाईच्या बावीस बकऱ्या तगायच्या. हुकूम वरचा असेल, बीरा यातून सोडवेल, या भरवशावर ती सरपंचाकडे गेली. त्याने कागद वाचला. बकऱ्या रोपं संपवतात, बंदी घाला, असा अहवाल होता आणि खाली सही खंगारजीची. तिने कागद पुन्हा वाचायला लावला. सही तीच. पाठच्या भावाने केसाने गळा कापावा, तसं झालं.

जेठ सरेपर्यंत तीन बकऱ्या उरल्या. काही मेल्या, बाकीच्या खाटकाने नेल्या.

श्रावणात राखीला खंगारजी ओढणी घेऊन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग घसा खाकरला. कुंपणात शेंगांचा खच पडलाय, पण सगळं बी किडलंय, कोंब एक नाही. वरून तर नव्या जागेसाठी रोपं मागताहेत. टोपलीभर लेंड्या मिळाल्या तर बरं होईल.

हंजाबाईने ओढणी घडी न मोडता त्याच्यापुढे सरकवली. आजवर ती त्याला अरे-तुरेच करायची.

"झाडं तुमची, शेंगा तुमच्या. आता खायचं कामही तुम्हीच करा, खंगारजी."

तो गेल्यावर तिने वाडा झाडला. कोपऱ्यातून कुंपणाआधीच्या दोन मुठी वाळल्या लेंड्या निघाल्या. त्या बियांसकट चुलीत लोटल्या आणि भाऊ मेल्यासारखी ती रडली.