निळे पडदे

आमच्या वर्गात स्मार्टबोर्ड बसला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले आणि माझा फळा गेला. आमची शाळा पावणे गावात, चहूबाजूंनी कारखाने. भिंतींना ओल, पोपडे. धड जागा एकच, फळ्याची. बसवणाऱ्याने विचारलंसुद्धा नाही, ड्रिल लावलं आणि बोल्ट थेट फळ्यात. मी म्हटलं, "अहो, मी लिहू कुठे?" मुख्याध्यापक हसून म्हणाले, "मॅडम, आता लिहायचं कशाला? आता बघायचं!"

बघायला अंधार लागतो, म्हणून बोर्ड देणाऱ्या कंपनीने जाड निळे पडदेही दिले. पडदे ओढायचे, व्हिडिओ लावायचा, आपण बाजूला उभं राहायचं. शेजारच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकतात. त्या आवाजावर ओरडून ओरडून माझा घसा कामातून गेलाय. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. उलव्याच्या घरून बस बदलत यायचं, आल्यावर बटण दाबायचं. सुटले बुवा, म्हटलं.

पण पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात वर येईना. गावातलीच मुलगी, आई मासळी विकते. लहानपणी कान फुटलेले, त्यामुळे तिला फार कमी ऐकू येतं. एका शिबिरात कानाचं यंत्र मिळालं होतं, फोटोसकट. त्याचा सेल संपला, तसा परत कुठे मिळतो ते कुणी सांगितलं नाही. आता ते यंत्र घरी डब्यात आहे. तरी वर्गात तिचा हात सगळ्यांच्या आधी वर असायचा. माझ्या ओठांकडे बघायची, फळ्याकडे बघायची, की झालं. आता फळा नाही, आणि अंधारात माझं तोंडही नाही. व्हिडिओतली बाई तर दिसतच नाही, नुसता तिचा गोड आवाज. पोरगी बाकावरचं लाकूड नखाने खरवडत बसायची.

तिची आई शाळेत आली. "टीचर, पोरीला आता काय समजत नाय बोलते. पयले तुमचा तोंड दिसला का सगला समजायचा तिला. नसंल जमत तर बसवते घरी, माज्याबरोबर येईल बाजारात." रागाने नव्हती बोलत. दमलेली होती, माझ्यासारखीच. मी म्हटलं, "ताई, एवढ्यात काढू नका. मी बघते काहीतरी."

बघते म्हटलं खरं, पण बघणार काय, कप्पाळ? मुख्याध्यापक सरांकडे फळा मागितला, तर म्हणाले, बोल्ट काढले तर कंपनीला काय सांगू? मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बोर्डाशी झटापट करताना कळलं की त्याच्यावर बोटानेही लिहिता येतं! हे दाखवायला कुणी आलंच नव्हतं. उद्घाटनाला मात्र झाडून सगळे आले होते. त्या दिवसापासून मी पडदे उघडे ठेवले. आवाज बंद. चित्र दाखवायचं, थांबवायचं, बोर्डावरच्या पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरात शब्द लिहायचा, मुलांकडे तोंड करून बोलायचं. उजेडात चित्र फिकं दिसतं, अक्षर दिसतं. हळूहळू त्या मुलीचा हात पुन्हा वर यायला लागला.

मग कंपनीचे पाहुणे येणार म्हणून निरोप आला. सरांनी सकाळीच बजावलं, "मॅडम, आज प्लीज पडदे बंद, आवाज फुल. उगाच टेन्शन नको." वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. पडदे ओढले. पाहुणे मागे उभे राहिले, मोबाइल वर झाले. बोर्डावर लालभडक हृदय धडधडायला लागलं, गोड आवाज सुरू झाला.

आणि ती मुलगी उठली. कुणाला विचारलं नाही. खिडकीशी गेली, दोन्ही हातांनी पडदा सर्रकन बाजूला केला, जागेवर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हृदय फिकं पडलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पडदा!" पण तिची नजर हलेना. मी व्हिडिओ थांबवला, बोटाने 'हृदय' लिहिलं आणि शिकवायला लागले. तिने हात वर केला. "टीचर, आपण झोपलो का ते पन झोपतं?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "त्याला सुट्टी नसते."

पाहुणे लवकर निघाले. सरांनी ऑफिसात बोलावून चांगलंच झापलं. मी मान खाली घालून ऐकलं. शाळा सुटल्यावर सगळे पडदे उतरवले, पिशवीत कोंबले आणि सरांना सांगितलं, फार धूळ बसलीय, घरी नेऊन धुते.

सर अधूनमधून विचारतात. मी सांगते, उलव्याची हवा दमट, जाड कापड आहे, अजून वाळतायत.